बेटांच्या नावाचं जहाज

"मी नेव्ही जॉइन केलीय," लेक म्हणाली. "काल साइन करून आले."

शनिवारची सकाळ होती. अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या ईडन प्रेरीत मार्च महिना म्हणजे बर्फ विरघळून सगळीकडे काळपट राड झालेली. मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. बायको ओट्यापाशी होती. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

"कुठली नेव्ही?" तिने विचारलं.

"अमेरिकेची, आई. अजून कुठली असणार?"

आमची एकुलती एक लेक तेव्हा युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. हिवाळ्यापासून ती वर्गात जात नव्हती, हे आम्हाला त्याच सकाळी कळलं. मॉलमधल्या भरती ऑफिसात ती तीनचार वेळा जाऊन आली होती. ऑफिसर वगैरे नाही, साधी खलाशी. मी इंजिनिअर, बायको फार्मसिस्ट. दोघंही नागपूरचे. फुटाळ्याच्या तलावात पाय सोडून बसणं, एवढाच आमचा आयुष्यभराचा पाण्याशी संबंध. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही लांबूनच बरा वाटला होता.

बायको लेकीला काही बोललीच नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढ्यासाठी आलो का आपण इथे?"

त्या दिवसापासून तिने लेकीशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, पण "तिला सांगा जेवायला ये म्हणून" असं मला सांगायची. लेक दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. जूनमध्ये ती ट्रेनिंगला निघाली तेव्हा बायको दारापर्यंत आली, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली. शिकागोच्या वर, मोठ्या तळ्याकाठी त्यांचा कँप होता. ट्रेनिंग संपल्यावरची परेड पाहायला मी एकटाच ड्राइव्ह करून गेलो. पांढऱ्या टोप्यांच्या रांगांत मला माझी मुलगी ओळखू आली नाही. तिनेच नंतर मागून येऊन खांद्यावर हात ठेवला.

त्या वर्षी गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये एका काकांनी विचारलं, "ऑफिसर आहे का?"

"नाही. साधी भरती."

"अच्छा," काका म्हणाले आणि शिऱ्याच्या रांगेकडे वळले. त्यांचं काही चुकलं असं नाही. आमच्यात अशा बातमीवर काय म्हणायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

लेकीला काम मिळालं ते जहाज वाचवण्याचं. जहाजाला आग लागली, कुठे पाणी शिरलं, तर बाकीचे बाहेर पळतात आणि ही माणसं आत धावतात. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. जहाज मिळालं होतं. तिने नाव सांगितलं.

"हे कसलं नाव?" मी म्हणालो.

"आयलंड्स आहेत काहीतरी, बाबा. अलास्काच्या शेपटीकडे. तिथे कोणी राहत नाही."

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या जहाजावर अजून माणसं आहेत, आणि एका घरात ते नाव आजही कोणी तोंडातून काढत नाही.

फोन ठेवल्यावर मी ते नाव कॉम्प्युटरवर टाकलं. दोन गोष्टी निघाल्या. आधी जहाज: करडं, अंगावर काटे आल्यासारखे अँटेना, कडेला पांढरा आकडा. त्याखाली बेटं. चारपाच काळे सुळके, समुद्रातून सरळ वर आलेले, माथ्यावर बर्फ, एकाच्या तोंडातून सदा वाफ. जवळच्या वस्तीपासून बोटीने दिवसभराची वाट. झाड एकही नाही. फक्त गवत, पक्षी आणि धुकं.

जहाज निघालं की ते कुठे आहे हे घरच्यांना सांगत नाहीत. महिनोन्‌महिने तिचा ईमेल यायचा तो असा: मी बरी आहे, जेवण बेकार आहे, झोप कमी आहे. बातम्यांत कुठल्यातरी समुद्रात क्षेपणास्त्रं उडालेली दिसली की विचारायला कोणी नसायचं. त्यामुळे मला बेटांची सवय लागली. बेटं कुठे आहेत हे निदान माहीत होतं. तिथल्या ज्वालामुखीवर नजर ठेवणारं एक सरकारी पान आहे. कोणता डोंगर शांत आहे, कोणता कुरकुरतोय, ते रोज रंगाने दाखवतात. सकाळचा चहा घेताना मी ते पान उघडायचो. जहाजाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की उगीच बरं वाटायचं.

"काय पाहता एवढं?" बायको विचारायची.

"ज्वालामुखी."

"काय बाप्पा! आता ज्वालामुखीचीही काळजी तुम्हीच करा."

पण ती माझ्या मागे उभी राहून पाहायची. ठिपका हिरवा आहे हे पाहिल्याशिवाय कामाला जात नसे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि मी ऑफिसात डेस्कवर परतलो होतो. फोनवर बातमीची ओळ आली. आधी ते नाव, आणि पुढे: धुराचे प्रचंड लोट.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. वर्षभर ज्या डोंगरावर डोळे लावून बसलो होतो तो अखेर जागा झाला, असं वाटलं. शेजारच्या डेस्कवर पुण्याचा एक तरुण सहकारी बसायचा. त्याला माझं हे वेड ठाऊक होतं. मी फोन त्याच्याकडे केला. "बघ, उठला म्हातारा!"

त्याने वाचलं. वर पाहिलं नाही. बोटाने ओळ खाली सरकवली, पुन्हा वाचलं.

"काका," तो म्हणाला. एरवी तो मला नावाने हाक मारायचा. "हे जहाज आहे."

बायको ज्या फार्मसीत काम करते तिथे मी त्याआधी कधी असा भरदुपारी गेलो नव्हतो. काउंटरवर रांग होती. मला पाहून तिचे हात थांबले. तिने सगळ्यांदेखत, मराठीत विचारलं, "गेली का?"

"माहीत नाही. जहाजाला आग लागलीय."

समोरच्या म्हातारीच्या औषधाची पिशवी तिने तिच्या हातात दिली, इंग्रजीत तिला दिवस चांगला जावो म्हणाली आणि मग पांढरा कोट काढला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "फोन लावा तिला."

"लागणार नाही. समुद्रावर आहेत ते."

"लावा म्हणते ना."

लागला नाहीच. निरोप ठेवा असं सांगणारा लेकीचा जुना आवाज आला. कॉलेजातला, हसरा. बायकोने फोन माझ्या हातून ओढून घेतला. "मी आई बोलतेय," ती म्हणाली. "फोन उचल. मला रागवायचं नाहीये. तू फक्त उचल." वर्षभराहून जास्त काळानंतर लेकीशी ती पहिल्यांदा बोलत होती, आणि ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

जहाजावरच्या माणसांच्या कुटुंबांना निरोप द्यायला एक बाई नेमलेली असते. तीही कुठल्या तरी खलाशाचीच बायको. तिचा आवाज दमलेला होता. एक माणूस गेलाय, एवढंच तिने सांगितलं. कोण ते तिला माहीत नव्हतं. "एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "तसं काही असेल तर फोन करत नाहीत. गणवेशातली माणसं घरी येतात."

ती धीर द्यायला बोलली असेल. पण तिथून पुढे आम्ही दोघं बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसून आमच्याच घराच्या रस्त्याकडे पाहत राहिलो. गाडी आली की बायको माझं मनगट धरायची. एकदा पार्सलवाल्याची व्हॅन आमच्याच दारात थांबली. तो खोका ठेवून, हात हलवून गेला. खोका आम्ही कितीतरी दिवस उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "बाबा? मी ओके आहे." आवाज घोगरा होता. "आई आहे का तिथे?"

बायकोने फोन घेतला. मला फक्त दोघींचे श्वास ऐकू येत होते. मग फोन कट झाला.

बातम्यांतून हळूहळू कळलं ते इतकंच. खालच्या मजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीपाशी आग लागली. तिथे काम करणारा एक तरुण खलाशी धुरात सापडून गेला. बाकीच्यांनी आग आटोक्यात आणली, नाहीतर जहाजच गेलं असतं. पुढे चौकशी झाली, आणि आग विझवणाऱ्या टीमने जे केलं ते नियमाप्रमाणे आणि योग्यच केलं, असा निष्कर्ष निघाला. लेकीला एक पदकही मिळालं. ते तिने आम्हाला दाखवलं नाही. धुवायला टाकलेल्या जीन्सच्या खिशात ते बायकोला सापडलं.

लेक सुट्टीवर घरी आली तेव्हा आम्हाला वाटलं, थकलीय, चार दिवस झोपेल, ताजी होईल. पण तिला बंद दार चालेना. बेडरूमचं नाही, बाथरूमचं नाही, कपाटाचंही नाही. बायको सवयीने दार लोटायची आणि लेक जिथे असेल तिथून धावत येऊन ते उघडायची. एकदा मी गराजमधून आत येताना मागचं दार धाडकन लागलं. ती जेवत होती. ताटावरून उठली, सिंकपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बाहेर शून्याखाली वीसेक अंश होते. बायकोने उठून ते दार उघडलं, त्याला खुर्ची लावली आणि स्वेटर घालून पुन्हा जेवायला बसली. तो सगळा महिना आम्ही कोट घालून जेवलो.

पुढच्या वसंतात नेव्हीने तिला तब्येतीच्या कारणावरून मोकळं केलं. सैनिकांच्या दवाखान्यात ती दोनदा गेली आणि मग जायचं थांबली. बायको आता तिच्याशी बोलायची, खूप बोलायची, वर्षाचा अनुशेष भरून काढल्यासारखी. लेक उत्तर द्यायची "फाइन" आणि "ओके".

एके सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर बेटं होती.

"तू अजून बघतोस हे?"

"सवय लागलीय."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग विचारलं, "तिथे जाता येतं का?"

बेटांवर जाता येत नाही. पण उन्हाळ्यात अलास्कातून एक सरकारी फेरीबोट महिन्यातून एकदोनदा त्या शेपटीच्या कडेकडेने शेवटच्या बंदरापर्यंत जाते, आणि वाटेत लांबून ती बेटं दिसतात. दिसली तर. मी लेकीला घेऊन जातो म्हटलं. बायको म्हणाली, "मीही येते." तिला गाडीतही उलट्या होतात.

जाताना काहीच दिसलं नाही. कॅप्टनने भोंग्यावरून सांगितलं की उजव्या हाताला अमुक बेटं आहेत. सगळे प्रवासी कठड्याशी गेले. समोर फक्त दुधासारखं धुकं होतं. बायको आत बाकावर डोळे मिटून पडली होती. लेक कठड्याला धरून उभी होती. बेटांचं नाव भोंग्यातून ऐकताना तिचे खांदे आकसले होते.

शेवटच्या बंदरावर फेरी काही तास थांबली. मासळीच्या कारखान्यांचा वास, चिखल, आडवा पाऊस. मी थंडीसाठी डोक्यावर टोपी चढवली. जहाजाच्या नावाची, कुटुंबीयांसाठी असते ती.

"बाबा, काढ ना ती," लेक म्हणाली.

तेवढ्यात समोर टॅक्सी आली आणि आम्ही आत शिरलो. चालवणारी साठीची बाई होती, तिथलीच, त्या बेटांच्या मूळ लोकांपैकी. तिने आरशातून माझ्या टोपीकडे पाहिलं.

"हे तुम्ही कुठून आणलंत?"

"माझी मुलगी होती या जहाजावर," मी म्हणालो.

"ते आमचं नाव आहे," ती बाई म्हणाली. आवाजात कौतुक नव्हतं. "माझी आजी त्या बेटांवर जन्मली."

"तिथे कोणी राहत नाही असं वाचलं होतं," मी म्हणालो.

"आता राहत नाही. राहत नव्हते असं नाही." तिने वायपर जोरात केला. "दुसरं महायुद्ध आलं तेव्हा सरकारने आमच्या माणसांना बोटीत घालून दूर नेलं. परत आणलं ते दुसऱ्याच गावात सोडलं. बेटं रिकामी राहिली. पुढे तुमच्या जहाजाला त्यांचं नाव दिलं. आम्हाला कोणी विचारलं नाही."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती पुढे म्हणाली, "त्या जहाजाला आग लागली होती ना? बातमीत आपलं नाव ऐकलं आणि मला वाटलं, डोंगर फुटला."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

तिने आता पहिल्यांदा मागे वळून लेकीकडे पाहिलं. "एक मुलगा गेला म्हणे. नाव काय त्याचं?"

लेकीने त्या मुलाचं नाव घेतलं. आधी पहिलं नाव, मग आडनाव. आमच्या घरात ते तोवर कोणी ऐकलं नव्हतं. बाईने ते नाव एकदा उच्चारलं, बरोबर आहे ना ते विचारलं आणि गाडी पुढे काढली. पैसे मात्र पूर्ण घेतले.

परतीच्या वाटेवर धुकं फाटलं. दुपारची वेळ होती. अचानक एकामागून एक काळे सुळके समोर आले. स्क्रीनवर पाहिले होते त्याहून कितीतरी मोठे, बर्फाचे ओरखडे अंगावर, आणि सर्वांत उंच होता त्याच्या तोंडातून शांतपणे वाफ निघत होती. खाली पाण्यालगत हिरवंगार गवत. माणसं राहिली असतील तर तिथेच, मला वाटलं. लाखो पक्षी कलकलत होते. बायकोला तिच्या शालीसकट मी बाहेर आणून बसवलं. लेक आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि बेटांकडे पाहतच बोलायला लागली. मराठीत. अडखळत, मध्येच इंग्रजी शब्द घेत, पण मराठीत.

"तो लाँड्रीत होता. मला कार्ड्स शिकवायचा. चीटिंग करायचा." ती थांबली. "धूर एवढा होता की स्वतःचा हात दिसत नव्हता. आग पुढच्या खोलीत गेली असती तर संपलं असतं सगळं. तिथे फ्युएल लाइन होती. चीफ म्हणाला, दार लाव. मी लावलं. ते लोखंडाचं दार असतं, त्याला लांब हँडल. लावल्यावर आतून वाजलं."

बायकोने विचारलं, "लावताना माहीत होतं, आत कोणी आहे?"

"नाही. लावल्यावर कळलं."

"मग?"

"मी ओरडून चीफला विचारलं, उघडू का. तो नको म्हणाला. मी हँडल धरून ठेवलं." ती आपल्या तळहातांकडे पाहत होती. "तो आतून उघडायला बघत होता, आई. मी बाहेरून धरून ठेवलं होतं. मग तो थांबला. मी तरी धरूनच ठेवलं."

बायको उठली, कठड्याशी गेली आणि ओकली. समुद्रामुळे की ऐकल्यामुळे, कोण जाणे. तोंड पुसून ती परत आली. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती म्हणाली, "त्याच्या आईला माहीत आहे हे?"

"धुराने गेला एवढंच सांगितलंय त्यांना. ते खोटं नाही."

"मग तू जाऊन सांगायला पाहिजेस."

"वेडी झालीस का?" मी म्हणालो. माझा आवाज चढला, लोक पाहू लागले. "त्या बाईचं काय भलं होणार आहे त्याने? आणि हिचं?"

"मी त्या बाईच्या जागी असते तर?"

"तर तुला हे कळायला हवं होतं?"

"हो," बायको म्हणाली. "खिडकीत बसले होते ना मी. ते लोक आमच्या दाराशी आले असते तर मी सगळं विचारलं असतं. आणि कोणी झाकून ठेवलं असतं तर मला कळलं असतं."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. लेकीने माझी बाजू घेतली नाही आणि आईचीही घेतली नाही. बेटं दिसेनाशी होईपर्यंत ती बाहेर बसून होती.

मक्याची कापणी चालू होती तेव्हा, म्हणजे त्याच शरदात, लेक एका सकाळी म्हणाली, "मी त्याच्या आईला फोन केला होता. या म्हणाल्या." तिला एकटीला जायचं होतं. बायको म्हणाली, "गाडीत बसून राहू, पण येऊ." आमच्या राज्याच्या सीमेपलीकडे, दक्षिणेला, दिवसभराच्या ड्राइव्हवर, सपाट मुलखात ते घर होतं. दाराशी एक मोठी, गोरी बाई उभी होती, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून. तिने तिघांनाही आत बोलावलं. नवरा शेतात होता. तो आमच्यासाठी घरी थांबला नव्हता, हे तिने सरळ सांगितलं.

तिने कॉफी दिली. भिंतीवर त्या मुलाचा फोटो होता, पांढऱ्या टोपीतला. पाहणाऱ्याची आत्ता काहीतरी खोडी काढेल असा चेहरा. लेकीने तयारी करून आणलेली वाक्यं सुरू केली. बाईने हात वर केला.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "त्याने दार वाजवलं का?"

नाही म्हण, मी मनात म्हणत होतो. नाही म्हण पोरी.

"हो," लेक म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"दार मी धरलं होतं."

बाईच्या गळ्यावर लाल चट्टे उठत गेले. मग ती उठली, आमचे कप भरलेलेच होते ते उचलले, सिंकमध्ये रिते केले आणि धुवायला लागली. एकेक कप खूप वेळ धुतला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "मला ते ठाऊक होतं. लहानपणीसुद्धा तो कधी गप्प बसून राहायचा नाही." मग म्हणाली, "तुम्ही आता निघा. माझा नवरा यायच्या आत."

आम्ही निघालो. बायकोने बेसनाच्या लाडवांचा डबा नेला होता. तो द्यावा की नाही हे तिला कळेना, आणि शेवटी तिने तो दाराशी बुटांजवळ ठेवला. गाडीत कोणी रडलं नाही. लेक मागच्या सीटवर आडवी झाली आणि घर येईपर्यंत झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला घरी परतल्यापासून पाहिली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेरच आली नाही. आणि मी बायकोला बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

लेक आता डुलुथला असते, मोठ्या तळ्यावरच्या मालबोटींच्या गोदीत कामाला. का पुन्हा पाणीच, हे मी विचारलं होतं. "दुसरं काही येत नाही, बाबा," ती म्हणाली. दवाखान्यात ती पुन्हा जायला लागलीय, कधी जाते, कधी चुकवते. गेल्या हिवाळ्यात ती घरी असताना तिला त्या बाईचा पहिला फोन आला. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस होता. तेव्हापासून अधूनमधून येतो. इथे असली की लेक फोन घेऊन मागच्या अंगणात जाते, बर्फ असो की डास, आणि येरझाऱ्या घालत बोलते. बहुतेक वेळ ऐकतच असते. काय बोलणं होतं ते तिने सांगितलं नाही. एकदा ती मोठ्याने हसल्याचं बायकोने ऐकलं. एकदा, बराच वेळ, ती फक्त "सॉरी" म्हणत होती.

अशा फोननंतर दोन दिवस ती जेवत नाही. मागच्या वेळी बायकोच न राहवून म्हणाली, "नको घेऊस गं तो फोन. पुरे झालं आता."

"घेणार," लेक म्हणाली आणि बूट काढायला वाकली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने गॅसवर पुन्हा वरण ठेवलं.